आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए: अर्जापासून पहिल्या टर्म पेपरपर्यंत

परराष्ट्र धोरणावरचे व्हिडिओ न चुकता पाहणारे आणि यूपीएससीची तयारी करताकरता हाताशी एक पदवी असावी म्हणणारे, असे दोन गट या विषयाला हमखास अर्ज करतात. पहिल्या सत्रात दोघांचाही हिरमोड होतो. पहिल्या गटाला वर्गात बातम्यांऐवजी सिद्धान्त भेटतात. दुसऱ्याला कळतं की आठवड्याला शंभरेक पानं वाचून आणि टर्म पेपर (सत्रात लिहायचा दीर्घ संशोधनपर निबंध) लिहून यूपीएससीला फारसा वेळ उरत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. भारतीय परराष्ट्र सेवेत जायला ही पदवी लागत नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर नागरी सेवा परीक्षा देऊ शकतो. वैकल्पिक विषय म्हणून ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ घेतला तर प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. त्यांची तयारी एमए न करताही होते. संशोधन, अध्यापन, धोरणविषयक संस्था, परराष्ट्र घडामोडींची पत्रकारिता, व्यापार संघटना यांपैकी कशात तरी तुमचा जीव असेल तरच दोन वर्षं द्या.

१. पदवीचं नाव आणि विषयांची यादी दोन्ही तपासा

‘इंटरनॅशनल रिलेशन्स’, ‘इंटरनॅशनल स्टडीज’, ‘डिप्लोमसी’, ‘डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज’, ‘पॉलिटिक्स अँड आयआर’ या पाट्यांखाली शिकवलं जातं ते बरंच वेगळं असतं. विभागाच्या वेबसाइटवरून चारही सत्रांची विषययादी उतरवून घ्या आणि चार गोष्टी शोधा: सिद्धान्ताचा किमान एक पूर्ण पेपर, संशोधनपद्धतीचा पेपर, एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास आणि शेवटी प्रबंध. सिद्धान्त आणि संशोधनपद्धती दोन्ही नसतील तर ती पदवी म्हणजे चालू घडामोडींचा महागडा क्लास आहे.

पदवीवर छापलेलं नाव पुढे नोकरीच्या वेळी आडवं येऊ शकतं. महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकाच्या जागा बहुतेक ‘राज्यशास्त्र’ या नावाने निघतात. तुमच्या प्रमाणपत्रावर फक्त ‘इंटरनॅशनल स्टडीज’ असेल तर ‘संबंधित विषय’ म्हणून ते धरायचं की नाही, हे छाननी समितीवर अवलंबून राहतं. नावात ‘पॉलिटिक्स’ किंवा ‘पॉलिटिकल सायन्स’ असेल तर हा वाद सहसा उद्भवत नाही. यूजीसी-नेटमध्ये (सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) राज्यशास्त्राशिवाय आंतरराष्ट्रीय संबंध आणि क्षेत्रीय अभ्यासांसाठी वेगळा विषय आहे. त्याचा कोड ९०. कोणत्या विषयात नेट द्यायची याचा निर्णय शिकवण्याची इच्छा कुठे आहे ते पाहून घ्या.

२. संस्थांची यादी तीन गटांत करा

पहिला गट केंद्रीय विद्यापीठांचा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज हे यातलं सर्वांत जुनं. १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये स्वतंत्र संस्था म्हणून ते सुरू झालं आणि १९७० मध्ये जेएनयूत सामील झालं. तिथल्या एमएच्या नावात ‘पॉलिटिक्स’ आहे आणि कंसात विशेषीकरण. पाँडिचेरी विद्यापीठ, केरळ केंद्रीय विद्यापीठ, गुजरात केंद्रीय विद्यापीठ हेही इथेच येतात. फी कमी, स्पर्धा जास्त. जेएनयूची शिकवणी फी तर अजूनही वर्षाला काही शे रुपयांच्या घरात आहे. खरा खर्च राहण्या-जेवणाचा.

दुसरा गट राज्य विद्यापीठांचा. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आणि कोट्टयमच्या महात्मा गांधी विद्यापीठात या विषयाचे जुने, स्वतंत्र विभाग आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज विभाग आहे. सुरक्षा, अण्वस्त्रं, सागरी धोरण यांत रस असेल तर तो आधी पाहा. गोवा विद्यापीठात स्कूल ऑफ इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज आहे. मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात सर्वसाधारण एमए करून आंतरराष्ट्रीय राजकारणाचे वैकल्पिक पेपर घेणं हाही चांगला मार्ग आहे, आणि घर सोडता येत नसेल तर सर्वांत शहाणपणाचा.

तिसरा गट खासगी आणि वेगळ्या रचनेच्या संस्थांचा: पुण्याची सिम्बायोसिस, मणिपाल, सोनीपतची जिंदाल. फी लाखांत, वर्ग लहान, इंटर्नशिपसाठी मदत बरी. कर्ज काढून जाणार असाल तर मागच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी प्रत्यक्षात कुठे काम करतात ते लिंक्डइनवर तपासा. माहितीपत्रकातल्या कंपन्यांच्या लोगोंवरून काही ठरवू नका. दिल्लीच्या मैदानगढीतली साउथ एशियन युनिव्हर्सिटी याहून निराळी. ती सार्कच्या आठ देशांनी मिळून काढलेली आहे, तिची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असते, आणि शेजारच्या वर्गमित्राचं घर ढाक्यात किंवा काठमांडूत असणं हा तिथल्या शिक्षणाचाच भाग आहे.

प्रत्येक गटातून दोन, असे एकूण सहा अर्ज पुरतात. त्यातला एक तरी घराजवळचा ठेवा.

३. कागदपत्रं दिवाळीपासून गोळा करा

महाराष्ट्रातले विद्यार्थी सर्वांत जास्त अडकतात ते इथे, म्हणून हे सविस्तर.

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रं
- पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका. शेवटच्या सत्राचा निकाल बाकी असेल तर महाविद्यालयाचं तसं पत्र
- सीजीपीएचं टक्केवारीत रूपांतर करण्याचं विद्यापीठाचं सूत्र, छापील आणि सहीशिक्क्यासह
- प्रोव्हिजनल किंवा पदवी प्रमाणपत्र
- मायग्रेशन सर्टिफिकेट
- महाविद्यालयाचा टीसी आणि चारित्र्य दाखला
- जातीचा, नॉन-क्रिमीलेयरचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, केंद्र सरकारच्या नमुन्यात
- गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र
- आधार, फोटो, सही, प्रत्येकाची अर्जात सांगितलेल्या आकाराची फाइल

नावाचा घोळ आधी मिटवा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. पदवीच्या गुणपत्रिकेवर कधी आईचं नावही जोडलेलं असतं. राष्ट्रीय पातळीवरच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळावं अशी अपेक्षा असते. अर्जात सगळीकडे एकच क्रम ठेवा, आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर अर्ज भरण्यापूर्वी ते दुरुस्त करून घ्या. प्रवेशपरीक्षेच्या केंद्राच्या दारात या गोष्टीवर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

दाखल्यांचं त्याहून नाजूक आहे. राज्याचा नॉन-क्रिमीलेयर दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल (म्हणजे नॉन-क्रिमीलेयर) दाखला वेगळा काढावा लागतो. त्याआधी आपल्या जातीचं नाव महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय यादीत आहे का ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या वेबसाइटवर बघा. स्पेलिंगसकट बघा. व्हीजेएनटी आणि एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात अस्तित्वात नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण सगळ्या आहेत असं गृहीत धरू नका. मराठा समाजासाठीचा एसईबीसी दाखलाही केंद्रीय संस्थेत उपयोगाचा नाही. अशांनी केंद्राच्या नमुन्यातल्या ईडब्ल्यूएसबद्दल तहसील कार्यालयात विचारावं. सेतू केंद्रात अर्ज करताना ‘केंद्र शासनासाठी’ हे तोंडी सांगून भागत नाही. नमुन्याची छापील प्रत सोबत न्या, नाहीतर हातात राज्याचाच दाखला पडतो.

आणि तारीख. ईडब्ल्यूएस दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, एनसीएलचंही बहुतेक विद्यापीठं तसंच धरतात. परीक्षेचा अर्ज हिवाळ्यात भरला जातो, प्रवेश मात्र जून-जुलैत होतो. म्हणून एप्रिल उजाडला की नवीन दाखल्यासाठी लगेच अर्ज करा. जूनमध्ये तहसीलदार कार्यालयात अकरावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळ्यांची झुंबड असते.

मायग्रेशन महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देतं, आणि त्यासाठी वेगळा अर्ज व शुल्क लागतं. प्रवेशाच्या दिवशी ते नसलं तरी बहुतेक ठिकाणी हमीपत्रावर मुदत मिळते. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

४. सीयूईटी-पीजी: पेपर राज्यशास्त्राचा, जगाचा नव्हे

मुख्यतः केंद्रीय विद्यापीठांच्या एमए प्रवेशासाठीची ही सामायिक परीक्षा एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते, संगणकावर, साधारण मार्चमध्ये. अर्ज डिसेंबरच्या सुमारास सुरू होतात. अलीकडच्या रचनेत ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १. रचना दोन-तीनदा बदललेली आहे, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून पाहिल्याशिवाय कोणाच्या नोट्सवर विसंबू नका. पदवी प्रवेशाची सीयूईटी मराठीतून देता येते, पीजीची मात्र नाही. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत येतात.

कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. आधी विद्यापीठाचं माहितीपत्रक, मग पेपरची निवड, हा क्रम उलटला की वर्ष फुकट जातं. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना राज्यशास्त्राचा पेपर द्यावा लागतो, आणि त्यात राजकीय सिद्धान्त, पाश्चात्त्य व भारतीय विचारवंत, तुलनात्मक राजकारण, संविधान आणि शासनव्यवस्था, लोकप्रशासन हे सगळं असतं. आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यातला एक तुकडा. जी-२० आणि क्वाडच्या नोट्स काढत बसलेले उमेदवार प्लेटो आणि मूलभूत हक्कांवर गुण घालवतात. दुसऱ्या शाखेतून येत असाल तर बारावीची एनसीईआरटीची राज्यशास्त्राची पुस्तकं आधी संपवा, मग पदवीच्या पातळीवरचं एकेक पुस्तक घ्या. तीन ते चार महिने रोज दोन तास दिले तर होतं.

वेळेचा हिशोब: प्रत्येक प्रश्नाला ७२ सेकंद. पहिल्या फेरीत येणारे सगळे सोडवा आणि अडलेल्यांवर खूण करून पुढे जा. चारांपैकी एकही पर्याय कटत नसेल तर डोळे मिटून टिक केल्याचा सरासरी फायदा फक्त पाव गुण आहे. दोन पर्याय नक्की कटत असतील तर तोच दीड गुण होतो, तिथे सोडून देणं हा तोटा. ‘विधान आणि कारण’ व जोड्या लावा या प्रकारांत दोन पर्याय बहुतेक वेळा कटतात.

५. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही

दर वर्षी चांगले गुण मिळवलेले काही जण इथे गळतात. सीयूईटी फक्त गुण देते. निकाल एप्रिल-मेमध्ये लागल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र शुल्क, स्वतंत्र पसंतीक्रम. ही खिडकी साधारण दोन-तीन आठवडेच उघडी असते. परीक्षेच्या अर्जात विद्यापीठ निवडलं होतं, म्हणून आपला अर्ज तिथे आपोआप पोचला असेल, ही समजूत चुकीची आहे.

पहिली यादी लागली की जागा स्वीकारून पैसे भरायला दोन-चार दिवस मिळतात. ईमेलच्या स्पॅम फोल्डरमध्ये रोज डोकवा. पहिल्या यादीत नाव नसेल तर गावी निघून जाऊ नका; दुसऱ्या-तिसऱ्या यादीत आणि शेवटच्या फेरीत कटऑफ खाली येतो, कारण वरचे विद्यार्थी दुसरीकडे जातात.

६. वर्ग सुरू होण्यापूर्वी वाचनाची सवय लावा

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी बोलण्याची धास्ती असते. खरी अडचण वेगळीच निघते: इंग्रजीतले ३० पानांचे लेख दर आठवड्याला तीन-चार वाचून त्यांचा मुद्दा पकडणं. उपाय यांत्रिक आहे. आधी सारांश, मग प्रस्तावना, मग थेट निष्कर्ष वाचा. लेखक कोणाशी वाद घालतोय ते शोधा. त्यानंतर मधली पानं. शेवटी लेख बंद करून मराठीत दीडशे शब्द लिहा: प्रश्न कोणता, उत्तर काय, पुरावा कोणता, कुठे पटलं नाही. मराठीत लिहिता आलं म्हणजे समजलं. इंग्रजीत लिहिताना समजल्याचा आव आणणं फार सोपं असतं.

सिद्धान्त कशासाठी शिकायचे, हे एका उदाहरणावर तपासा. ११ आणि १३ मे १९९८ ला भारताने पोखरणमध्ये अणुचाचण्या केल्या. का? व्यक्तीच्या पातळीवर उत्तर वाजपेयी आणि त्यांच्याभोवतीच्या शास्त्रज्ञ-सल्लागारांत आहे. राज्यसंस्थेच्या पातळीवर नव्या आघाडी सरकारच्या राजकारणात आणि सत्ताधारी पक्षाच्या जाहीर भूमिकेत. व्यवस्थेच्या पातळीवर पाहिलं तर १९९५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला मिळालेली बेमुदत वाढ, १९९६ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला सर्वंकष चाचणीबंदी करार, आणि चीन-पाकिस्तान सहकार्य. तीन उत्तरं, तीन प्रकारचे पुरावे. बातमीदाराला तिन्ही एका परिच्छेदात कोंबता येतात. तुम्हाला कोणतं उत्तर जास्त समजावतं हे सिद्ध करावं लागतं. मग मोठ्या प्रश्नाकडे वळा: जवळजवळ हीच व्यवस्था १९९५ मध्ये असताना चाचणी का झाली नाही? असे प्रश्न पडायला लागले की सिद्धान्ताचा तास कंटाळवाणा वाटत नाही.

७. एक परकी भाषा धरा आणि सोडू नका

एमए झालेले पुष्कळ असतात. एमएसोबत रशियन किंवा फारसी वाचू शकणारे मोजके. म्हणून भाषा हे पदवीला लावलेलं शेपूट समजू नका. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज. मुंबईतही जर्मन, फ्रेंच, रशियन शिकण्याची सोय आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात सुरू केली तर एमए संपेपर्यंत त्या भाषेतलं वर्तमानपत्र कोशाच्या मदतीने वाचता येतं. चिनी किंवा जपानीला जास्त वेळ द्यावा लागतो; लिपीच वर्षभर पुरते.

भाषा निवडताना आपण कोणत्या प्रदेशावर लिहिणार ते आधी ठरवा. गोव्यातल्या विद्यार्थ्याने पोर्तुगीज घेणं मला तरी सर्वांत दुर्लक्षित संधी वाटते. ब्राझील ब्रिक्समध्ये आहे, मोझांबिकच्या नैसर्गिक वायूत भारतीय सरकारी कंपन्यांचा पैसा गुंतलाय, आणि या देशांवर मूळ भाषेतून वाचून लिहिणारे भारतात फार थोडे आहेत.

८. पहिला टर्म पेपर: विषय लहान करा

‘भारत-चीन संबंध: आव्हानं आणि संधी’ हा विषय नव्हे, ते मासिकाचं मुखपृष्ठ झालं. तीन-चार हजार शब्दांत उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ: ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराबाहेर राहण्याचं जाहीर केलं, त्या निर्णयात दुग्धउत्पादकांच्या विरोधाचा वाटा किती? इथे वेळ ठरलेली आहे, पात्रं ठरलेली आहेत, आणि दुसरं स्पष्टीकरणही समोर उभं आहे: चीनबरोबरची व्यापारी तूट. दोन्ही तोलून पाहता येतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला एक जादा फायदा. दूध संघांची निवेदनं आणि मराठी वर्तमानपत्रांतल्या त्या काळातल्या बातम्या हा पुरावा दिल्लीतला संशोधक सहसा वाचत नाही.

पुराव्यासाठी फुकट उपलब्ध असलेली ठिकाणं:

- लोकसभा आणि राज्यसभेच्या वेबसाइटवरची प्रश्नोत्तरं. मंत्रालयाचं नाव आणि वर्ष टाकून शोधा
- परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, निवेदनं आणि करारांचा संग्रह
- वाणिज्य मंत्रालयाची आयात-निर्यात आकडेवारी
- शस्त्रखरेदीसाठी स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची माहितीपेढी
- संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी. कोणत्या ठरावावर कोणी कसं मत दिलं ते तिथे मिळतं
- जुन्या फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल

दिल्लीत असाल तर सप्रू हाउसचं ग्रंथालय सवयीचं करून घ्या.

संदर्भांची पद्धत विभागाकडून विचारून घ्या आणि झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात बसवा. शेवटच्या रात्री हाताने तळटीपा लावणाऱ्यांच्याच तळटीपा चुकतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे आणि त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा आहे. पण परिच्छेद स्वतःच्या शब्दांत फिरवून लिहिला आणि संदर्भ दिला नाही, तर टक्केवारी शून्य दिसली तरी ती चोरीच. एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेले लेख संदर्भ म्हणून येतात. ते पकडायला प्राध्यापकाला पाच मिनिटं लागतात.

९. राहणं आणि इंटर्नशिप

वसतिगृह पहिल्या दिवशी मिळेल असं धरून दिल्लीला जाऊ नका. जेएनयूजवळ मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय इथे विद्यार्थी खोल्या घेतात. दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि अनामत हाताशी ठेवा, आणि खोली स्वतः पाहिल्याशिवाय ऑनलाइन पैसे पाठवू नका. ऑगस्टमध्ये दलालांचे दर चढे असतात. शक्य असेल तर जुलैच्या शेवटी जा.

इंटर्नशिपचे अर्ज दुसऱ्या सत्रापासून करा. सप्रू हाउसमधली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स, संरक्षण अभ्यासाची मनोहर पर्रीकर संस्था, मुंबईचं गेटवे हाउस, पुणे इंटरनॅशनल सेंटर यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाचाही स्वतःचा इंटर्नशिप कार्यक्रम आहे. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. पहिल्या सत्रातला टर्म पेपर प्राध्यापकाच्या सूचनांप्रमाणे पुन्हा लिहून, आठशे ते हजार शब्दांत बसवून तयार ठेवा. पूर्ण पेपर जोडला तर तो कोणी उघडत नाही.